भस्माची तिसरी रेघ

माझ्या नोकरीतल्या कितीतरी केसेस आता पुसट होत चालल्या आहेत. ही एक मात्र आठवली की अजूनही आधी हसू येतं आणि मग हात कपाळाकडे जातो. कपाळाकडे का, ते पुढे येईलच.

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत की आजीने खरंच कधी एखादं रहस्य उलगडलं आहे का. मागच्या खेपेला मी तुमच्याकडे आले तेव्हा तुमच्या दारावरच्या कॅमेऱ्याने मला बेल वाजवायच्या आधीच ओळखलं होतं. त्यावरून ही केस आठवली, म्हणून लिहायला बसले. तुम्ही म्हणता इंग्रजीत लिही. माझं शिक्षण इंग्रजीतून झालं, तेही जमेल. पण ही केस सगळी मराठीत घडली, आणि तिच्यातल्या आत्याबाईंना इंग्रजी बोलायला लावणं माझ्याच्याने होणार नाही. तुमची आई वाचून दाखवेल. बाहेरच्या कुणाच्या हाती पडलं तर त्यांनीही खुशाल वाचावं, म्हणून नावं मात्र कुणाचीच लिहीत नाही.

निवृत्तीआधी माझी शेवटची नेमणूक परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्यात होती, पोलीस निरीक्षक म्हणून. मे महिना चालू होता. आमच्याकडच्या मेमध्ये जीपच्या दाराला हात लावण्याआधी रुमाल गुंडाळावा लागतो. सकाळची हजेरी झाली, गस्तीचे अहवाल वाचून झाले, आणि चहा समोर येतो न येतो तोच देवगाव फाट्याजवळच्या एका गावचा शेतकरी आत आला. पन्नाशीचा माणूस, अंगाला जळक्या कडब्याचा वास. त्याने मोबाईल माझ्या टेबलावर जवळजवळ आपटला.

"मॅडम, बगा ह्यो. माणूस बी हाय, काठी बी हाय. अजून काय पायजे तुमाला?"

फोटोत एक तरुण माणूस होता. एका हातात लांब काठी, दुसऱ्या हाताने रुमाल नाकातोंडावर धरलेला, डोळे मोठे, मान वर.

"कोण हा?"

"मपला सख्खा धाकटा भाऊ! काल दुपारी म्या बाजाराला गेलो, अन् ह्यानं मपली कडब्याची गंजी पेटवली. ह्यो फोटो आला अन् त्याच्यामागं कॅमेराच बंद पडला. फोडून टाकला त्यानं."

त्याच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्याजवळ, कडुनिंबाच्या फांदीला त्याने उन्हावर चालणारा कॅमेरा बसवला होता. असे कॅमेरे तेव्हा गावोगाव झाले होते. डोक्यावर लहानसं सोलर पॅनेल, पोटात बॅटरी आणि सिम कार्ड. समोर काही हललं की फोटो थेट मालकाच्या मोबाईलवर. त्या कॅमेऱ्यावरून दोघा भावांत आधीपासून धुसफूस होती. त्याचं तोंड अर्धं धाकट्याच्या अंगणाकडे होतं, आणि धाकट्याची बायको म्हणायची की मला दारात भांडी घासायचीसुद्धा चोरी झाली आहे.

"तोंड बगा कसं लपवायलाय," थोरला म्हणाला. "गुन्हा दाखल करा. नाव घाला त्याचं."

मी आकस्मिक जळिताची नोंद करायला सांगितली. घरातल्या भांडणात गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीला मुभा असते, ती मी घेतली. थोरल्याला ते पटलं नाही. "उद्या दुपारपर्यंत नाव न्हाई घातलं तर म्या परभणीला मोठ्या सायबाकडं जातो," असं बजावून तो बाकावर जाऊन बसला.

माझे हवालदार पोटाने आणि स्वभावाने ऐसपैस होते. ते जवळ येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, ह्याच धाकट्याची चारित्र्य पडताळणी आपल्या टेबलावर हाय. एसटीत ड्रायव्हर म्हणून निवड झालीय."

इथेच सगळा पेच होता. हा मुलगा कैक वर्षं लोकांचे ट्रॅक्टर आणि टेम्पो चालवत आला होता. एसटीचं स्टिअरिंग आता हातात येणार, आणि मध्ये फक्त माझी सही. आग लावल्याचा गुन्हा त्याच्या नावावर चढला असता तर मला त्या कागदावर तसं लिहावंच लागलं असतं.

आम्ही जागेवर गेलो. गंजीच्या जागी काळा ढीग, अजून धुमसणारा. निंबाच्या फांदीला वितळलेल्या प्लॅस्टिकचा एक गोळा लोंबकळत होता. मी पंचांना ती फांदी बघायला लावली. साल जिथे कॅमेरा होता तिथेच भाजली होती, आणि तिथून पुढे शेंड्याची पानं शाबूत होती. गंजीची फक्त कड फांदीखाली होती आणि वारा उलट्या बाजूचा होता; गंजीची आंच लागली असती तर सगळी फांदी जळाली असती. ही एका ठिकाणीच, कॅमेऱ्याच्याच जाळाने भाजल्यासारखी दिसत होती.

धाकटा आपल्या दारात बसला होता. दोन्ही तळहातांना हळद आणि तूप लावून कापड गुंडाळलेलं. मी त्याला आधी दवाखान्यात नेलं, पट्ट्या करवल्या आणि मग ठाण्यात आणून समोर बसवलं.

"फोटोतली काठी कशाला घेतली होतीस?"

"कॅमेरा पाडायला," तो सरळ म्हणाला.

हवालदारांच्या हातातलं पेन थांबलं.

"म्हणजे तू कॅमेरा पाडायलाच गेला होतास?"

"व्हय मॅडम. लय दिसाचं मनात व्हतं. दादा बाजाराला गेला, म्हणलं आज पाडूनच टाकावा. खाली जाऊन बगतो तर त्यो आदीच धूर सोडायलाय! अन् वास कसला, गोडगोड, डोक्यात जाणारा. म्या दस्ती लावली नाकाला. काठी मारणार तवर त्यातून जाळच निगाला अन् पेटता तुकडा पडला गंजीवर. म्या हातानं कडबा उपसला, हौदातलं पाणी मारलं, न्हाई विझलं. मंग जनावरं सोडली."

"तुझा भाऊ म्हणतो जनावरं पळवायचा बेत होता."

"दादाचीच जनावरं दादापासून पळवून नेऊ कुटं मॅडम? शेजारीच तर ऱ्हातो!"

इतक्या वर्षांत एक गोष्ट मी बघितली आहे. खोटं बोलणारा माणूस सगळंच नाकारतो. मी तिथे नव्हतोच, काठी माझी नाहीच, कॅमेरा कसला तेही माहीत नाही. खरं बोलणारा मात्र स्वतःच्या विरुद्धचं अर्धं आपणहून सांगून टाकतो आणि मग उरलेलं अर्धं कुणी मानत नाही म्हणून रडकुंडीला येतो. हा दुसऱ्या जातीचा होता. शिवाय फोटो पुन्हा बघितला तर मान वर आणि नजर कॅमेऱ्यावर. गंजी पेटवणारा गंजीकडे बघेल. धूर फोटोत नव्हता, कारण धूर कॅमेऱ्यातूनच निघत होता. कॅमेऱ्याला सगळं दिसतं, स्वतःचं तोंड तेवढं दिसत नाही.

पण हे माझं मत झालं. थोरल्याला मत नको होतं.

"कॅमेरा आपोआप कसा पेटंल?" त्याने मलाच विचारलं. "मानवतच्या दुकानातून सीलबंद आणलाय. सरकारी शिक्का हाय त्याच्यावर."

"तसाच दुसरा आहे का तुमच्याकडे?"

"विहिरीवर हाय की, मोटारीपाशी."

तो काढून आणायला लावला. टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, दोन पंच बसवले, आणि मी चष्मा लावला.

आता थोडी शाळा, मुलांनो, पण लगेच सोडते. बॅटरीवर चालणारी आणि नेटवर्कला जोडली जाणारी वस्तू आपल्या देशात कुणी घरी बनवून सरळ विकू शकत नाही. तिचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो. तिथे बॅटरी तापवतात, आपटतात, मुद्दाम शॉर्ट करतात, पोट फुटेपर्यंत चार्ज करतात, आणि ती पेट घेत नाही ना ते बघतात. कॅमेरा असेल तर परक्या माणसाला त्यातून घरात डोकावता येत नाही ना, हेही तपासायचं असतं. हे सगळं पार पडलं की त्या कारखान्याला त्याच वस्तूसाठी एक नोंदणी क्रमांक मिळतो. तो सरकारी मानकाच्या खुणेखाली छापतात. ही खूण म्हणजे कुणीतरी ही वस्तू छळून बघितल्याची ग्वाही.

आमच्या कॅमेऱ्यावर खूण होती आणि खाली क्रमांकही. मी तो मोबाईलवरच्या सरकारी ॲपमध्ये घातला. क्रमांक खरा निघाला. फक्त तो दूरच्या एका राज्यातल्या कारखान्याचा होता, आणि वस्तू होती दिव्याचा बल्ब.

"म्हंजे थोरल्या भावानं झाडाला बल्ब लावला व्हता," हवालदार म्हणाले, "अन् बल्बानं फोटो काढला."

मग मी कॅमेऱ्याचं ॲप उघडलं. पासवर्ड डब्यावरच छापलेला होता, आणि तो कुणी बदललेलाच नव्हता. तेवढ्यात हवालदारांचं बोट कुठेतरी लागलं, यंत्राच्या क्रमांकातला एक आकडा बदलला, आणि त्याच पासवर्डने समोर कुठल्याशा अनोळखी गावातली एक शेळी दिसू लागली. चारा चघळत आमच्याकडेच बघत होती. मी ते ताबडतोब बंद केलं. शेळी होती म्हणून ठीक. तिच्याजागी कुणाची सून न्हाणीतून येताना दिसली असती तर? धाकट्याच्या बायकोची तक्रार मला तेव्हा पुरती कळली.

आता डबा उघडायचा होता. स्क्रूवर सील होतं, 'तुटल्यास हमी नाही' असं छापलेलं. पंचांसमोर ते तोडलं आणि झाकण काढलं. आत निळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली बॅटरी होती, आणि तिच्यावर पांढरट पट्टे.

"लीक झालीय वाटतं," हवालदार मागे सरकले.

मी वाकून वास घेतला. रसायनाचा नव्हता. माझं बालपण परभणीत गेलं, आणि आमच्या शेजारी महादेवाची भक्ती करणारं एक व्यापारी घर होतं. रोज सकाळी शाळेत जाताना त्या काकू मला थांबवून कपाळावर तीन बोटं ओढायच्या. तो वास मी झोपेतही ओळखेन. बॅटरीवर भस्म होतं. तीन बोटांनी शेजारी शेजारी ओढलेल्या तीन रेघा. त्यातल्या दोन सरळ आरपार, आणि तिसरी अर्ध्यावरच उचललेली.

मी खुर्चीत मागे टेकले. मला एकदम उत्साह आला, पंचांसमोर तो लपवताना पुरेवाट झाली. डब्यावर छापलं होतं की माल दूरच्या कारखान्यात बनला आणि तिथेच सीलबंद झाला. सीलच्या आत भस्म कुठून येणार? कारखान्यातलं यंत्र काही बॅटरीला भस्म लावत नाही. हे झाकण आपल्याच भागात, कुणाच्या तरी देवघराच्या आसपास बंद झालं होतं.

मानवतच्या दुकानदाराला फोन केला. उद्या सकाळी ठाण्यात या, एवढंच सांगितलं.

तो अगदी वेळेवर आला. पांढरेशुभ्र कपडे, गळ्यात रुद्राक्ष, कपाळावर भस्म. भस्म बघितल्याबरोबर मी मनात म्हटलं की माणूस सापडला. बाहेरच्या बाकावर थोरला येऊन बसला होताच, परभणीला जायच्या तयारीने पिशवीसकट. आतल्या खोलीत धाकटा होता, त्यालाही मी सकाळी पुन्हा बोलावलं होतं.

"हे कॅमेरे तुम्ही बनवता?"

"छे मॅडम! मपलं दुकान हाय, कारखाना न्हाई. परभणीहून एजंट टेम्पोत डब्बे आणून टाकतो. म्या सील बी तोडत न्हाई. त्याच्यावर शिक्का हाय, नंबर हाय, मंग म्या काय इचारू?"

"आणि हे?" मी उघडा कॅमेरा त्याच्यासमोर सरकवला.

त्याने बॅटरीवरचं भस्म पाहिलं आणि सवयीने आधी तिला हात जोडले. मग त्याच्या लक्षात आलं की आपण बॅटरीला नमस्कार करतो आहोत. "हे कुटून आलं?" तो पुटपुटला. त्याचं आश्चर्य खोटं नव्हतं. माझा संशय जागच्या जागी लटपटला.

मी त्याच्याकडे बघत राहिले. समोरचा माणूस गप्प झाला की त्याच्या तोंडाकडे बघत राहायची माझी जुनी सवय. आणि तेव्हा मला दिसलं. चौकशी सुरू झाल्यापासून पुरावा माझ्यासमोरच होता, हातभर अंतरावर. त्याच्या कपाळावर तीन रेघा होत्या. दोन सरळ आरपार. तिसरी अर्ध्यावर उचललेली.

"आज कपाळाला भस्म कुणी लावलं?"

"हे काय इचारायलाव मॅडम?"

"तुम्ही स्वतः लावलं?"

"न्हाई. मपल्या आत्यानं. पोलिसात बोलावलंय म्हणल्यावर जीव घाबरला. म्हणलं, वाटंवर वालूर हाय, आत्याच्या पाया पडून जावं. तिचा हात लय गुणाचा. लेकरू आजारी असू द्या, नवी गाडी असू द्या, सगळे तिच्याकडंच जातेत."

"त्यांच्या बोटाला काही झालंय?"

"एक बोट वाकडं हाय तिचं. लहानपणी जात्यात चेंगरलं व्हतं. पर तुमाला कसं..."

प्रत्येक ठाण्यात दाराजवळ एक आरसा असतो, वर लिहिलेलं असतं, 'माझा गणवेश नीटनेटका आहे का?' मी त्याला त्या आरशासमोर उभं केलं आणि हवालदारांनी शेजारी कॅमेरा धरला. तो आरशात बघायचा, बॅटरीकडे बघायचा, पुन्हा आरशात. मग बाकावर बसला आणि त्याच्या तोंडून एवढंच निघालं, "आत्या गं!"

दुकानदाराला सोबत घेऊन वालूरला पोचलो तेव्हा आत्याबाई ओसरीवर बसल्या होत्या. सत्तरी ओलांडलेली, कडक इस्त्रीसारखी ताठ बाई. शेजारी पितळी ताटलीत भस्म. मागच्या खोलीत टेबल, तारांना डाग द्यायचं सोल्डरिंगचं यंत्र, जुन्या लॅपटॉपच्या फोडलेल्या बॅटऱ्या आणि खुणेच्या स्टिकरची गुंडाळी. टेबलामागे त्यांचा मुलगा, आमचा गणवेश बघून पांढरा पडलेला.

आत्याबाई मात्र खूश झाल्या. "या बाई, बसा. माज्या लेकाचा कारखाना बगायला आलाव का? अरे, बाईला पाणी दे! लय हुशार हाय लेकरू. अन् तुमाला सांगते, माजा हात लागल्याबिगर एक बी डब्बा बंद होत न्हाई. लोकांच्या दारात लागणारी चीज हाय. म्या भस्म लावते, महादेवाचं नाव घेते, मंगच झाकण."

मी इतके कबुलीजबाब घेतले, पण एवढ्या अभिमानाने दिलेला हा एकच.

मग मला सांगावं लागलं. कॅमेरा पेटला, गंजी जळाली, ज्याने जनावरं सोडवली त्याचेच हात भाजले, आणि आळ त्याच्यावरच आला आहे.

आत्याबाईंचा चेहरा उतरला. त्या मुलाकडे वळल्या. पुढची चौकशी मी केलीच नाही, फक्त ऐकली.

"तू म्हणला व्हतास सरकारनं तपासून शिक्का दिलाय."

"आई, शिक्का छापून मिळतो की कुटंबी..."

"म्या शिक्क्याचं न्हाई इचारलं. तपासलं कुणी?"

"म्या घरी चालवून बगतो. परभणीचा एजंट मपल्याच ओळखीचा हाय. मानवतच्या मामेभावाला सांगितलं असतं तर त्यानं घरचा माल म्हणून घेतलाच नसता, म्हणून तुला बी त्याला सांगू दिलं न्हाई. अन् प्रयोगशाळेत पाठवायचं म्हंजे लय झंझट..."

"जुन्या बॅटऱ्या व्हत्या त्या?"

त्याने टेबलावरच्या बॅटऱ्यांवर फडकं ओढलं.

"म्या काय तपासून लावते व्हय रे भस्म?" आत्याबाई म्हणाल्या, आवाज चढवला नाही. "मला काय कळतंय त्यातलं? म्या तुज्यावर इमान ठिवून लावते. अन् तू माज्या बोटावर लोकास्नी इकायलास."

तो बसल्या जागी रडू लागला. आत्याबाईंनी पदर खोचला. "सांग बाईला सगळं. किती केले, कुणाकुणाला गेले. अन् बाई, मला बी ठाण्यात न्या. माज्या हाताची खूण हाय त्याच्यावर."

"तुमचा काही गुन्हा नाही, आत्याबाई."

"गुन्ह्यासाटी कोण येतंय? त्या पोराला बगायचंय मला."

निघताना त्यांनी मला जवळ बोलावलं. मी गणवेशात होते, टोपी काखेत होती, आणि मान खाली करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्यांनी माझ्या कपाळावर तीन बोटं ओढली. "भावाभावात तोडगा काढायला निगालाव. असू द्या."

जीपमध्ये हवालदार मागच्या आरशातून माझ्याकडे बघत होते. शेवटी त्यांना राहवेना. "मॅडम, पंचनामा करू का? मुद्देमाल तुमच्या कपाळावर हाय." दुकानदार हसला, आत्याबाई हसल्या, आणि पाठोपाठच्या गाडीत मुद्देमालासह बसलेला आरोपी सोडला तर आम्ही सगळे हसतच ठाण्यात पोचलो.

थोरला पिशवी घेऊन उठलाच होता. आत्याबाई त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. तो त्यांना ओळखत नव्हता, पण अशा बाईसमोर आपल्याकडे माणूस आपोआप थांबतो.

"तुज्या गंजीला आग माज्या लेकाच्या डब्यानं लागली. जे भरायचं ते त्यो भरंल. पर तू रं? फोटो बगितला अन् भाऊ इसरला? जनावरं कुणी सोडली तुजी? हात बगितले का त्याचे?"

मी धाकट्याला बाहेर बोलावलं. थोरल्याने त्याच्या पट्ट्यांकडे पाहिलं. माफी मागायची आपल्याकडच्या थोरल्या भावांना सवय नसते. तो घसा खाकरून म्हणाला, "च्या घेतलास का?"

"हवालदारानं पाजला," धाकटा म्हणाला. "तुज्या नावावर."

थोरल्याने पिशवी बाकावर ठेवली आणि धाकट्याच्या शेजारी बसला. हवालदारांनी विचारलं, "परभणीची गाडी चुकंल की." तो म्हणाला, "चुकू द्या." त्याने आपणहून जबाब लिहून दिला की भावाविरुद्ध आपली काही तक्रार नाही. मी तो वाचला, सही घेतली आणि लगेच दुसरा कागद पुढे ओढला. चारित्र्य पडताळणीच्या त्या कागदावर 'गुन्हा नोंद नाही' असं लिहिताना माझा हात जितका हलका होता तितका पदोन्नतीच्या दिवशीही नव्हता.

खोट्या खुणेचा माल विकल्याचा गुन्हा आत्याबाईंच्या मुलावर नोंदवला. माल जप्त झाला, परभणीच्या एजंटाला ताब्यात घेतलं, मानकाच्या कार्यालयाला कळवलं. पुढचं न्यायालयात झालं, त्यावर मी बोलत नाही. पण विकले गेलेले कॅमेरे परत कसे आणायचे? आम्ही जीपवर भोंगा बांधला, आणि आत्याबाई म्हणाल्या, माईक माझ्याकडे द्या. मग गावोगाव त्यांचा आवाज घुमला. "आयाबायांनो, झाडावरचा कॅमेरा खाली घ्या! माजं भस्म हाय त्याच्यात, पर तपासणी न्हाई! भस्मानं आग इझत न्हाई!" बायका दारात येऊन हसायच्या आणि कॅमेरा काढून द्यायच्या. दुकानदार प्रत्येकाचा परत घ्यायचा. ठाण्यामागे वाळू भरलेल्या पिंपांत आम्ही ते ठेवत गेलो. एक आजोबा कॅमेरा द्यायला आले, पण भस्म लावलेली बॅटरी वाळूत पुरणं त्यांना बरं वाटेना. आत्याबाईंनी त्यांच्या कपाळाला ताजं भस्म लावलं, तेव्हा कुठे त्यांनी डबा सोडला.

पुढे थोरल्याने तपासणी झालेला, खऱ्या क्रमांकाचा कॅमेरा आणला. क्रमांक त्याने स्वतः ॲपमध्ये घालून बघितला आणि मला फोन करून सांगितलं, "मॅडम, कॅमेराच हाय. बल्ब न्हाई." लावताना शिडी त्याने धरली, वर धाकटा चढला. तोंड कुणीकडे करायचं ते धाकट्यावर सोपवलं होतं. धाकट्याने कॅमेरा थोरल्याच्याच दाराकडे वळवला आणि वरूनच ओरडला, "दादा, आता तू कवा उटतोस ते सगळ्या गावाला कळू दे!"

या केसने मला काय शिकवलं असं कुणी विचारलं तर सांगते. खूण छापायला काहीच लागत नाही. खुणेमागे कुणीतरी खरंच उभं आहे का, तेवढं बघावं. छापलेल्या खुणेमागे कुणी नव्हतं. आत्याबाईंच्या खुणेमागे आत्याबाई होत्या, म्हणून त्या जीपमध्ये बसून आल्या. पण बॅटरी तपासणं हे त्यांच्या बोटांचं काम नव्हतं. दोन्ही हवं. आणि क्रम चुकवायचा नाही.

निवृत्त झाल्यावर मी ठाण्यातला शेवटचा निरोप घेऊन परभणीला एसटीनेच निघाले. दारात पाय ठेवला तर स्टिअरिंगवर धाकटा. खाकी गणवेश, तळहातांवरचे डाग फिकट झालेले. "या मॅडम, फुडं बसा!" मी त्याच्यामागच्या बाकावर बसले. समोरच्या काचेखाली, डॅशबोर्डवर तीन पांढऱ्या रेघा होत्या. तिसरी अर्ध्यावर उचललेली.

मी बघते आहे हे त्याला आरशात दिसलं. त्याने गिअर टाकला आणि म्हणाला, "घाबरू नका मॅडम. आदी डेपोत ब्रेक तपासून घेतले. मंग आत्याबाईला बोलावलं."